रस्त्याची उत्क्रांती

दहावीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होते. ‘उत्क्रांती म्हणजे काय?’ या प्रश्नाला बहुतेकांनी एकच उत्तर लिहिलं होतं: ‘हळूहळू होणारा विकास.’ 22 वर्षं मी या उत्तराला गुण देत आले. त्या दिवशी एका मुलीने पुढे उदाहरणही दिलं होतं: ‘आमच्या वाडीला आधी पाणंद होती, मग खडी पडली, आता डांबरी रस्ता झाला. ही रस्त्याची उत्क्रांती.’ लाल पेन तिथेच अडलं. व्याख्येत सगळं बसत होतं. म्हणजे चूक व्याख्येतच होती, आणि ती व्याख्या वहीत मीच उतरवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी अख्खा तास या एका शब्दाला दिला. रोप वीतभराचं हातभर होतं, ती वाढ. अंड्यात पिल्लाची चोच, डोळे, पंख घडतात, तो विकास. दोन्ही एकाच जिवाच्या आयुष्यात होतात. उत्क्रांती एकट्या जिवाची होत नसते. ती पिढ्यान्‌पिढ्या, सगळ्या जमातीत होते. भाषेची उत्क्रांती म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. भाषाही आईकडून लेकराकडे जाते आणि जाता जाता बदलते.

“पण बाई, ‘उत्’ म्हणजे वर ना? मग उत्क्रांती म्हणजे वर चढणंच की!” मागच्या बाकावरून प्रश्न आला. प्रश्न बिनतोड होता. मी विचारलं, “सापाला पाय असतात?” सगळे हसले. सापाचे पूर्वज पायांवर चालणारे होते. अजगराच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नखासारखे दोन काटे असतात, ती त्याच्या मागच्या पायांची उरलेली खूण. एका मुलाने अजगर जवळून पाहिला होता, “व्हय, असत्यात!” म्हणून तो उभाच राहिला. पाय गेले म्हणून साप खालच्या पायरीवर गेला का? बिळात, गवतात, पाण्यात त्याचं कुठे अडतं?

डार्विनच्या ग्रंथाच्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत उत्क्रांतीचा रूढ इंग्रजी शब्द नाही. त्याचं क्रियापदाचं रूप तेवढं अगदी शेवटी येतं. वंश पुढे चालताना त्यात बदल होत जातात, असंच तो म्हणत होता. मुलांना हे साधं वाक्य त्या जड शब्दापेक्षा लवकर कळलं.

तास संपल्याची घंटा देऊन शिपाईमामा दाराशी थांबले होते. गळ्यात तुळशीची माळ, दरसाल वारी. फळ्याकडे बघत म्हणाले, “बाई, उत्क्रांती म्हंजी जीव कुडीतनं जाणं न्हवं का?” आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. खरंच होतं ते. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे प्राणाने देह सोडून निघणं. ‘उत्’ म्हणजे वर, तसंच बाहेरही. मागच्या बाकाला मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते मामांनी दारात उभ्या उभ्या दिलं: जुन्या रूपातून बाहेर टाकलेलं पाऊल. शब्दाचा हा अर्थ मला फार आवडला. मामांनाच वर्गात बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

मधल्या सुट्टीत ती मुलगी पेपर घेऊन आली. जुनं उत्तर खोडून तिने खाली लिहिलं होतं, ‘रस्त्याची सुधारणा झाली. रस्त्याला पिल्लं होत नाहीत, म्हणून ती उत्क्रांती नाही.’

दोनपैकी दोन गुण दिले.