भिंतीआड काय आहे ते दाखवलं, तेव्हा व्हॅन विकली गेली

आईला आता एकटं ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच रात्री आम्ही दोघांनी व्हॅन विकायचं ठरवलं. ठरवायला वेळ लागला नाही, विकायला मात्र पाच महिने लागले. कारखान्यातून आलेली गाडी विकणं वेगळं आणि आतली पट्टी न् पट्टी स्वतः ठोकलेली गाडी विकणं वेगळं, हे त्या पाच महिन्यांत कळलं. कुणाला अशी गाडी विकायची किंवा घ्यायची असेल तर उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल. उंच छपराची मालवाहू व्हॅन आम्ही रिकामी घेतली आणि चौदा महिने शनिवार-रविवार राबून तिचं घर केलं. छतावर २०० वॉटचे दोन सोलर पॅनल, १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ११० लिटरची पाण्याची टाकी, डिझेलवर चालणारा हीटर, पाणी न लागणारं टॉयलेट. बाहेरून विजेची वायर नको, नळाची जोडणी नको. ऊन चांगलं असेल तर विजेची चिंता नसायची. मुक्काम किती दिवस, हे पाण्याची टाकी ठरवायची. चार वर्षं आम्ही तिच्यात हिंडलो, महिनोन् महिने राहिलो.

पहिला अडथळा किमतीचा. आम्ही तीन याद्या केल्या: मूळ गाडी, विकत आणलेलं सामान आणि आमची मेहनत. मूळ गाडीची किंमत तिचं वय आणि किलोमीटर यांवरून ठरते, त्यात वाद नाही. सामानातलं जे मोजून दाखवता येतं, म्हणजे बॅटरी, पॅनल, हीटर, फ्रिज, ते आम्ही निम्म्या किमतीला धरलं. मेहनतीच्या यादीपाशी आलो तेव्हा माझा नवरा बराच वेळ गप्प बसला. गाडीच्या पोटातल्या गोलाईला बसेल अशी प्लायची एकेक फळी त्याने पुठ्ठ्याचे साचे कापून, घासून, पुन्हा घासून बसवली होती. त्या तासांचे पैसे कुणी देत नाही. मला ते फार लागलं, पण आकडा वास्तव ठेवला म्हणूनच पुढचं झालं.

पहिल्या जाहिरातीत आम्ही सुंदर फोटो टाकले. मागचा दरवाजा उघडा, पलीकडे पाणी, गादीवर सकाळचं ऊन. फोन भरपूर आले. स्वप्न सांगायला लोक फोन करत, आणि मी मनापासून ऐकायचे, कारण आमचंही तसंच सुरू झालं होतं. पण बघायला कुणी यायचं नाही. आले तर पाच मिनिटं आत बसून जायचे. त्यांचा प्रश्न नंतर लक्षात आला. गाडीत जे खरं महागाचं आणि महत्त्वाचं आहे ते सगळं भिंतीआड, फळीखाली, सीटच्या खोक्यात होतं. दिसत होती ती फक्त गादी. अनोळखी जोडप्याने घरी केलेल्या वायरिंगवर पैसे कोण लावणार?

मग जाहिरात काढून नवी लिहिली. प्लाय ठोकून भिंत बंद करण्याआधी मी प्रत्येक भागाचे फोटो काढले होते, आणि फोटोत मोजमापाची टेप धरलेली होती, म्हणजे पुढे कधी स्क्रू मारायचा झाला तर वायर कुठून गेली आहे ते कळावं. असे ६३ फोटो निघाले. त्यांना क्रमांक दिले, छापले, एका फाइलमध्ये लावले. सोबत वायरिंगचा आराखडा, कोणत्या फ्यूजवर काय आहे त्याचा तक्ता, पाण्याच्या पाइपांचं चित्र, वस्तूंच्या पावत्या. गाडी बांधताना हे फोटो काढून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नंतर कितीही पैसे मोजले तरी बंद भिंतीच्या आतला फोटो मिळत नाही.

बॅटरीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला. एकाने व्होल्टमीटरचा फोटो मागितला. या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज बहुतेक वेळ १३.१ ते १३.३च्या दरम्यानच रेंगाळतं, ती सत्तर टक्के भरलेली असो की चाळीस. त्यावरून तब्येत कळत नाही. म्हणून आम्ही क्षमताच मोजली. बॅटरी पूर्ण भरली, पॅनल बंद केले, साधारण १० अँपिअरचा भार लावून ठेवला आणि आत-बाहेर जाणारा करंट मोजणाऱ्या शंटवर नजर ठेवली. एकोणीस तास उलटल्यावर बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, पुरवठा तोडला, तेव्हा आकडा होता १९३ अँपिअर-तास. चार वर्षांनंतर २०० पैकी १९३. तो स्क्रीनशॉट जाहिरातीत टाकला आणि विचारणारे लोकच बदलले. फोन कमी झाले, पण फोनवर येणारे लोक कामाचं बोलू लागले.

एका गृहस्थांना रात्रभर एसी हवा होता. एखादा छोटा एसी सलग ६०० वॉट खातो असं धरलं तरी आठ तासांचे ४.८ युनिट होतात, आणि आमची सगळी बॅटरी अडीच युनिटांची. मी सरळ सांगितलं, ही गाडी तुमच्यासाठी नाही. ते नाराज झाले. मला वाईट वाटलं, पण गाडी घेऊन दुसऱ्या रात्री अंधारात बसण्यापेक्षा हे बरं.

वजनाचं कुणी विचारत नव्हतं, तरी आम्ही गाडी काट्यावर नेली. हा मुद्दा घरी बांधलेल्या गाड्यांत सर्रास सुटतो. प्लाय, बॅटरी, कपाटं, पाणी, सगळं मिळून गाडी कमाल मर्यादेच्या कधी वर जाते ते कळतही नाही, आणि मग ब्रेक, टायर, विमा सगळ्यांवर परिणाम. टाकी पूर्ण भरून, म्हणजे ११० किलो पाणी धरून, आमच्याकडे माणसं आणि सामानासाठी २६० किलो शिल्लक होते. काट्याची पावती फाइलमध्ये लावली.

चौथ्या महिन्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिचं काम रानावनात, आठवडाभर एकाच ठिकाणी राहून नोंदी घेण्याचं. वडिलांनी उभा जन्म वायरमनचं काम केलेलं. मुलगी आत बसून टेबल उघडून बघत होती, आणि काकांनी गादीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ताई, इन्व्हर्टरवर हजार वॉटचा भार लावा आणि वीस मिनिटं तसाच राहू द्या."

१२ व्होल्टवर हजार वॉट म्हणजे नव्वदच्या आसपास अँपिअर. वीस मिनिटांनी त्यांनी सीटखालचं झाकण उघडून भार बंद केला, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि हाताची पाठ एकेका जाड केबलच्या इन्सुलेशनला लावत गेले. बॅटरी, मुख्य फ्यूज, स्विच, मग निगेटिव्हचा बसबार, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह केबल जिथे एकत्र जोडतात ती धातूची पट्टी. तिथे हात थांबला. "हा लग बघा." केबलच्या टोकाच्या त्या धातूच्या कडीला मी हात लावला. शेजारचे कोमट होते, हा चांगला गरम. त्याच्यावरची काळी नळी कडेला तपकिरी पडली होती. पान्हा लावला तर नट अर्धा वेढा सहज फिरला. चार वर्षांच्या खडबडीत रस्त्यांनी तो सैल केला होता, आणि त्या एका जागी बांधताना स्प्रिंग वॉशर घालायचा राहिला होता. सैल जोडाला रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने जोड आणखी बिघडतो. ज्या सीटखाली हे चाललं होतं त्या सीटवर आम्ही झोपत होतो.

माझे पाय थरथरत होते. मला वाटलं, सौदा संपला. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही झाकण उघडू दिलंत ना, मग झालं. बाकीचे जोड बघा, दुरुस्त करा, मला फोन करा."

पुढचे दोन दिवस आम्ही तेच केलं. तो लग कापून नवा दाबून बसवला (क्रिंप केला), वॉशर घातला, गाडीतला प्रत्येक जाड जोड टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून जोर लावता येणाऱ्या पान्ह्याने, तपासला. आणखी दोन नट पाव वेढा फिरले. घट्ट केल्यावर प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढे तो हलला तर नुसत्या नजरेला कळेल. छतावरच्या पंख्याच्या कडेने एकदा पाणी झिरपलं होतं आणि आम्ही जुनं सीलंट खरवडून काढून नवं भरलं होतं, तेही फोटोसह लिहून काढलं. गॅसच्या नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून दाखवले. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक का आहे, असं मुलीने विचारलं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून वाट खालूनच हवी. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची तारीख संपत आली होती, तो नवा बसवला.

मग मीच सुचवलं: पैशाचं बोलण्याआधी दोघांनी एक रात्र गाडीत राहावं, बाहेरची कुठलीही जोडणी न घेता. आम्ही उघड्या माळावर गाडी लावून दिली. संध्याकाळी बॅटरी १०० टक्के, सकाळी ८१. फ्रिज, पंखा, दिवे, लॅपटॉप सगळं चालवून. पाणी १४ लिटर गेलं. मुलीने हे आकडे स्वतःच वहीत लिहून ठेवले होते, ते बघून मला फार बरं वाटलं. अशा गाडीत राहायचं तर रोज सकाळी दोन आकडे बघायची सवय हवी, आणि ती तिला न सांगता होती. एक गोष्ट मात्र मी दोनदा सांगितली. बॅटरी शून्य अंशाखाली गेली की चार्ज करायची नाही. बीएमएस ते थांबवतो, पण कडाक्याच्या थंडीत ऊन असूनही चार्जिंग का होत नाही म्हणून घाबरायचं नाही. आधी हीटर लावून गाडी आतून ऊबदार करायची.

सौदा त्यानंतर लवकर जमला. टायर सहा वर्षांचे झाले होते, त्यांचे पैसे आम्ही कमी केले. आतला बदल नोंदणीच्या कागदांवर आधीच चढवून घेतला होता, त्यामुळे मालवाहू गाडी म्हणून अडकायला झालं नाही; ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी जाहिरातीआधी करावं, कारण विम्याचा प्रश्न तिथेच येतो. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेकडून खात्री करून मगच सही आणि किल्ली. मधल्या काळात गाडी न बघताच जास्तीचे पैसे पाठवतो म्हणणारे दोघे भेटले होते, त्यांना उत्तरही दिलं नाही.

किल्ली देण्याच्या दिवशी आम्ही चार तास ठेवले होते, सहा लागले. पाणी भरणं, सांडपाणी काढणं, हीटर बंद करताना तो पूर्ण थंड होईपर्यंत मुख्य स्विच न तोडणं, टॉयलेट रिकामं करणं, फ्यूज बदलणं, हे सगळं मुलीने स्वतःच्या हाताने केलं आणि आम्ही नुसते उभे राहिलो. नवऱ्याने शेवटी पुठ्ठ्याचे साचे आणून दिले. एखादी फळी बदलायची झाली तर यावरून कापता येईल, म्हणाला.

अकराव्या रात्री तिचा फोन आला. नळ बंद असतानाही पाण्याचा पंप दर सात-आठ मिनिटांनी एकदा वाजतो आहे. मी विचारलं, टाकीजवळ ओल दिसते का? नाही. म्हणजे बहुधा दाबाच्या बाजूला, पंपाच्या पुढच्या पाइपात, कुठेतरी थेंब-थेंब गळत होतं. तिला पंपाचा स्विच बंद करायला सांगितलं आणि फाइल उघडायला लावली. पाइपांच्या चित्रात सिंकमागे दोन सांधे, आणि दुसऱ्याचा फोटो क्रमांक ४१. तिने फोटोतली टेप बघून माप घेतलं, चार स्क्रू काढले, फळी बाजूला केली. फोन तिने खाली ठेवला होता, टॉर्च घेऊन हात आत घातल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "सापडला. क्लॅम्प ओला आहे. कुठल्या बाजूला फिरवू?"