हेड चोक होण्यामागचा खरा चोर: आठव्या आठवड्याची नोंद

आठ आठवड्यांत माझ्या इंकजेट प्रिंटरच्या नोझल चेकमध्ये (हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, चालू आहेत का हे रेषा छापून दाखवणारी चाचणी) फक्त दोनदा रेषा तुटल्या, आणि दोन्ही वेळा घोळ माझाच होता. आधी हेड क्लीनिंगच्या नावाखाली जेवढी शाई वेस्ट पॅडला (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या गादीला) पाजत होतो, त्या मानाने ही चैनच.

आठवड्याला एक रंगीत पान छापायचं, हा नेम मी इमानेइतबारे पाळत होतो. तरी हेड चोंदायचंच. शेवटी नोझल चेकचे जुने कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले, तेव्हा ट्यूब पेटली. रात्री क्लीनिंगनंतर पॅटर्न अखंड, सकाळी पुन्हा खंड, आणि तोही दर वेळी नव्या जागी! वाळलेल्या शाईने नोझल बुजलं असेल तर खंड त्याच जागी ठाण मांडून बसतो. जागा बदलत असेल तर बहुधा हवा आत शिरतेय किंवा शाई मागे सरकतेय. म्हणून संशय कॅपवर, म्हणजे छपाई नसताना हेड झाकून ठेवणाऱ्या टोपीवर.

कार्ट्रिज बदलायच्या मोडमध्ये हेड मधोमध आणलं, प्लग काढला आणि टॉर्च मारला. कॅपच्या रबरी कडेवर काळ्या शाईचा पापुद्रा, आणि एका कोपऱ्यात चक्क कागदाचा तंतू आडवा पडलेला. एवढीशी फट, पण हवा आत शिरायला आणि रात्रभरात शाईतलं पाणी उडून जायला तेवढी पुरते. नोझलचं तोंड केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. त्यात माझी शाई पिग्मेंटची. तिच्यातले कण विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात; पाणी गेलं की एकमेकांना चिकटून बसतात. डाय शाई (जिच्यात रंग विरघळलेला असतो ती) वाळली तरी बऱ्यापैकी पुन्हा विरघळते, त्यामुळे ती वापरणाऱ्यांना ही कटकट कमी.

कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब टाकले, दहा मिनिटं मुरू दिले आणि फोमच्या काडीने कडा पुसल्या. कापसाची काडी नको, तिचेच तंतू अडकतात. नळाचं पाणीही नको, क्षार मागे राहतात. वायपरच्या (हेड पुसणाऱ्या) पात्यावर शाईची साय धरली होती, तीही काढली. आता हे दर महिन्याला करतो.

माझे दोन घोळ असे: एकदा छपाई चालू असताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं, हेड पार्क न होता, म्हणजे कॅपवर न बसता, रात्रभर उघडं राहिलं. दुसऱ्यांदा पंख्याचा झोत चार दिवस थेट प्रिंटरवर. खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की आता मी सावध होतो. दोन्ही वेळा एकेकच क्लीनिंग केलं, मग रात्रभर थांबलो. लागोपाठ चार-पाच क्लीनिंग मारण्याचा मोह आवरा. पंपाने ओढताना हवाही येऊ शकते, आणि वेस्ट पॅड भरतो तो वेगळाच.

पिवळ्याची रेषा पांढऱ्या कागदावर तुटलेली दिसतच नाही, आणि मग चेहऱ्यांचे रंग बिघडल्यावर आपण कलर प्रोफाइलला (रंगांच्या सेटिंगला) शिव्या देतो. नोझल चेकचा कागद निळ्या एलईडीखाली धरा. पिवळं काळंभोर दिसतं, एक रेघ गायब असली तरी लगेच कळतं.

कॅप खरंच नीट बसतेय का, हे बघायला आता मुद्दाम पंधरा दिवस एकही पान छापायचं नाही असं ठरवलंय. आज नववा दिवस. बोटं शिवशिवतायत.