मोठ्या टीची टेस्ट

आम्ही बिलांचं सॉफ्टवेअर लिहितो. इंदूरला विजयनगरच्या आमच्या ऑफिसात फोन आला तो एका रुपयासाठी. गिऱ्हाइकाने पुण्याला ६२५ रुपयांचा माल पाठवला होता. १८ टक्क्यांनी आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा जीएसटी) ११२.५० होतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ५० पैसे किंवा जास्त असले की पुढचा रुपया धरायचा, म्हणजे ११३. बिलावर छापलं होतं ११२.

कारण लगेच सापडलं. ‘कोड सुटसुटीत’ करताना कुणीतरी डेसिमल मॉड्यूलची ‘राउंड हाफ अप’ची (अर्धा आला की वर नेणारी) ओळ काढून पायथन भाषेचं साधं राउंड घातलं होतं. रक्कम बरोबर अर्ध्यावर आली की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं: ११२.५० चे ११२, पण ११३.५० चे ११४. काही बिलं बरोबर निघत होती, म्हणून कुणाला संशय आला नाही.

पण नेमकी याच अर्ध्या रुपयाची टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) आमच्याकडे होती! मग टेस्ट चालवणारा सर्व्हर हिरवा, म्हणजे ‘सगळं पास’, कसा?

“दादा, माझ्याकडे तर लाल येतंय,” शेजारची ताई म्हणाली. तिचा लॅपटॉप विंडोजचा, सर्व्हर उबंटू लिनक्सचा. टेस्ट चालवणारं पायटेस्ट सुरू होतानाच किती टेस्ट गोळा केल्या ते सांगतं (ती ओळ कोण वाचतो म्हणा). तिच्याकडे २१४, सर्व्हरवर २०९. हरवलेल्या पाचही एकाच फाइलमधल्या, आणि त्या फाइलच्या नावातला पहिला टी कॅपिटल.

पायटेस्ट मूळ सेटिंगमध्ये टेस्ट_*.पीवाय किंवा *_टेस्ट.पीवाय अशीच नावं शोधतं, तीही लहान अक्षरांत. विंडोजवर नाव जुळवताना लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं, लिनक्सवर नाही. फाइल वगळली गेली तरी ओरड होत नाही. एक्झिट कोड ५ (शेवटी मिळणारा, गडबड सांगणारा आकडा) येतो तो एकही टेस्ट मिळाली नाही तरच. आम्हाला चकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. उबंटूवर तीच फाइल नाव देऊन चालवली तर ती मुकाट चालली आणि लालही झाली, कारण थेट नाव दिलं की पायटेस्ट नमुना बघतच नाही. अर्धा तास कॅशे (साठवलेल्या जुन्या फाइल्स) पुसण्यात गेला.

‘राउंड हाफ अप’ची ओळ परत घातली. फाइलचं नाव गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) ‘गिट एमव्ही’ने बदललं. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये नुसतं अक्षर लहान केलं तर गिटला बहुधा पत्ताच लागत नाही.

मग सगळंच चाळलं. प्रकल्पाच्या दोन भागांत, म्हणजे ॲपमध्ये, जँगोने (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) तयार करून दिलेली टेस्ट्स.पीवाय सापडली. जँगोचा टेस्ट चालवणारा रनर ‘टेस्ट’ने सुरू होणारं काहीही घेतो, पायटेस्टला पुढे अंडरस्कोर हवा, म्हणून या दोन्ही विंडोजवरसुद्धा कधी चालल्या नव्हत्या. टेस्टच्या मुख्य फोल्डरखाली वेगवेगळ्या फोल्डरांत दोघींना टेस्ट_मॉडेल्स.पीवाय नाव दिलं, तर ‘इम्पोर्ट फाइल मिसमॅच’ अशी एरर. त्या फोल्डरांत इनिट फाइल (फोल्डरला पायथनचं पॅकेज ठरवणारी) नव्हती, त्यामुळे पायथनच्या लेखी दोन्ही एकच मॉड्यूल. शेवटी नावात ॲप घातलं: टेस्ट_बिलिंग_मॉडेल्स, टेस्ट_स्टॉक_मॉडेल्स.

सर्व्हरवर एक तपासणीही बसवली: टेस्ट फोल्डरात कॉनफटेस्ट (पायटेस्टची सेटिंगची फाइल) आणि इनिट सोडून लहान ‘टेस्ट_’ने सुरू न होणारी पायथन फाइल दिसली की बिल्ड फेल. मदतनीस फाइल्स त्यापायी बाहेरच्या फोल्डरात हलवाव्या लागल्या, थोडी कुरकुर झाली.

संध्याकाळी सर्व्हरने २२१ टेस्ट गोळा केल्या. जीएसटीच्या पाचही हिरव्या. जँगोच्या सातांतल्या तीन लाल.