दाखला नेला कुणी?

दहावीला बाहेरून बसायचं असेल तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. किमान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण, एवढीच अट. वरची वयोमर्यादा नाही. आमच्या फाउंडेशनच्या प्रस्तावात दरवर्षी एक वाक्य असतंच, ‘ग्रामीण महिलांमध्ये शिक्षणाबाबत जागृतीचा अभाव आहे’. कोण लिहितं कोण जाणे. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या बचत गटांत मी इतकी वर्षं बसते-उठते, मला तरी तो अभाव दिसलेला नाही. जागृती भरपूर आहे. नसतो तो फॉर्मला जोडायचा शाळा सोडल्याचा दाखला.

दाखला असतो माहेरच्या गावात आणि बाई असते सासरी. मध्ये दोन एसट्या, एक बुडणारा रोज आणि ‘आता कशाला?’ म्हणणारी घरातली दोन-चार माणसं. तिथे पोचलं तरी गुरुजी मीटिंगला गेलेले, नाहीतर कपाटाची चावी दुसऱ्याकडे. बाई रिकाम्या हाताने परत येते आणि पुन्हा जायचं नाव काढत नाही. आमच्या अहवालात ती ‘गळती’ म्हणून जाते.

2024 च्या पावसाळ्यात एका गावातून दहावीला बसू पाहणाऱ्या बायकांची यादी आली, तीत अक्काचं नाव होतं. खरं नाव सांगत नाही. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणते. गटाची सचिव, वय अडतीस. गावात कुणाला रात्री कळा सुरू झाल्या की आशाताईंच्या बरोबरीने अक्का गाडीत बसलेली असते. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, कुठली सिस्टर ओरडते पण नीट बघते, बाळंतिणीच्या सासूला बाहेर कसं बसवून ठेवायचं, हे तिला आमच्या प्रशिक्षकांपेक्षा जास्त कळतं. आमच्याकडे रुग्णसेवा सहायकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. त्याची अट दहावी पास, आणि अक्काची झाली होती सातवी.

“दाखला नाही माझ्याकडं,” ती पहिल्याच बैठकीत म्हणाली. “गुरुजींनी दिलाच नव्हता. अडवून धरला म्हणून तर माझी आठवी राहिली.”

आज शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. पण तो कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून आणि अक्का सातवीतून बाहेर पडली 1999 साली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पुढच्या गावच्या हायस्कुलात नाव घालायचं तर दाखला हवाच. त्यामुळे ‘गुरुजींनी अडवला’ यात कुणाला काही खोटं वाटायचं कारण नव्हतं.

फॉर्मची मुदत संपत आली होती. मी म्हटलं, चल, मी येते बरोबर. ऑफिसातून फाउंडेशनच्या लेटरहेडवर एक पत्र घेतलं. अशा पत्राने नियम बदलत नाही, पण माणसं बसायला खुर्ची देतात.

एसटी आणि मग काळीपिवळी करून अकराच्या सुमारास पोचलो. रिमझिम चालू होती. मुख्याध्यापक माझ्याहून लहान, नुकतेच बदलून आलेले. पत्र वाचून म्हणाले, “मॅडम, जनरल रजिस्टर बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही. ताईंनी स्वतः अर्ज करावा, मग बघतो.”

बरोबरच होतं त्यांचं. मी बॅगेतून कोरा कागद काढला आणि सवयीने स्वतःच लिहायला बसले, तर अक्काने तो माझ्या हातातून घेतला. बाकावर वाकून, एकेक शब्द मनात म्हणत तिने लिहिलं, ‘प्रति, मा. मुख्याध्यापक साहेब’. मग विषय: शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. अक्षर ठसठशीत, प्रत्येक शब्दावर रेघ ओढलेली, गटाच्या इतिवृत्तात असतं तसंच. सहीच्या जागी तिने सासरचं नाव लिहिलं, थांबली, ते खोडलं आणि माहेरचं लिहिलं. “इथं मला त्याच नावानं ओळखतील ना,” असं काहीतरी पुटपुटली.

कपाट उघडलं. रजिस्टर लाल कापडी पाठीचं, कोपरे वाळवीने खाल्लेले. दोन्ही पानं मिळून एका ओळीत एक मूल: रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जूनचं अमाप पीक. घरी कुणी तारीख टिपून ठेवलेली नसायची आणि पहिलीला वय बसवायचं असायचं, मग गुरुजी सरसकट 1 जून टाकून मोकळे. अक्काचीही तीच, 1 जून 1986. आधारवर मात्र 1 जानेवारी, कारण आधार काढताना तिने नुसतं साल सांगितलं होतं. त्यामुळे एकाच बाईची कागदावर दोन नावं आणि दोन वाढदिवस. या भागात हे इतकं सर्रास आहे की आमच्या शिबिरात आम्ही आधी तारखा जुळवायला बसतो, पुस्तकं नंतर.

सर ओळीवरून बोट फिरवत गेले. “ही बघा. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. कारण, पुढील शिक्षणासाठी.” मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं आणि ते जरा थबकले. “ताई, दाखला दिलेला आहे.”

शेऱ्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘दाखला दिला, 18/6/1999’. त्याच्या पुढे अंगठा. जांभळ्या शाईचा, एका बाजूला थोडा फिसकटलेला. अंगठ्याखाली बारीक अक्षरात, कंसात: वडील.

अक्काने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. सर काही बोलले नाहीत. तिने ती ओळ डावीकडून पुन्हा वाचली, नावापासून. मग वरच्या ओळी, मग खालच्या. “सगळ्यांच्याच पुढं ‘पुढील शिक्षणासाठी’ लिवलंय,” ती म्हणाली.

“सातवीच शेवटचा वर्ग ना तेव्हा,” सर म्हणाले, “मग सगळ्यांना तेच लिहायचे.”

“या पोरीचं तर त्याच साली लगीन झालं,” तिने दोन ओळी वरच्या नावावर बोट ठेवलं.

त्या वेळच्या गुरुजींचं तिने विचारलं. ते बदलून गेले होते आणि काही वर्षांपूर्वी वारले, असं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं. अक्का थोडा वेळ गप्प राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “एकदा तालुक्याच्या बाजारात समोर आले होते. त्यांनी नावानं हाक मारली. मी वळख दिली नाही.”

कामाचं म्हणाल तर आता दोन वाटा होत्या. मूळ दाखला एकदा दिलेला असला की शाळा फक्त दुय्यम प्रत देते, त्यासाठी मूळ प्रत हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी तहसीलबाहेरच्या टेबलांवर स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालण्यात एक दिवस गेला असता. दुसरी वाट म्हणजे मूळ दाखलाच शोधणं. अक्काचं माहेर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. ती उठलीच.

अण्णा ओसरीत बाजेवर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, ऊसतोडीत वाकलेली पाठ. लेक अचानक आली म्हणून आईची धांदल. अक्काने पाणीसुद्धा न पिता विचारलं, “अण्णा, माझा सातवीचा दाखला कुठंय?”

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील, आठवत नाही म्हणतील. त्यांनी बायकोला सांगितलं, “पेटी काढ.”

पत्र्याची पेटी. सातबारे, सोसायटीच्या पावत्या, कुणाची तरी लग्नपत्रिका, आणि तळाशी खताच्या पिशवीच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला दाखला. घडीवर फाटायला आलेला, पण शिक्का शाबूत. पंचवीस वर्षं त्या माणसाने तो जपून ठेवला होता. वाळवीपासून, पाण्यापासून, आणि दर साली दिवाळीनंतर घर बंद करून अख्खं कुटुंब कारखान्यावर जायचं त्या सहा-सहा महिन्यांपासूनही.

“हायस्कुलाला गेलतो मी,” अण्णा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. “नाव घालाया. दाखला घेऊन गेलतो. दोन कोस रस्ता, मधी वढा. त्या साली आपल्या गावची एक बी पोरगी जात नव्हती. एक जरी असती सोबतीला तर घातलं असतं. आन् ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, आगाऊ पैसं. तुझ्या मायला दिवस गेलेले, कारखान्यावर कोपीत लेकराजवळ कुणीतरी पायजे व्हतं.”

“मंग गुरुजीनं अडवला म्हणून कामून सांगितलं?”

अण्णांनी बराच वेळ घेतला. “रोज विचारायचीस. सांजच्याला आलो की विचारायचीस. येक दिवस म्हणून टाकलं. मंग विचारायचं थांबलीस.”

अशा वेळी आमच्यासारख्यांनी काय करायचं असतं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत आणि शिकवूही नये. मी चहाचा कप हातात धरून गप्प बसले. अण्णांचा मला राग आला होता, हे खरं. पण आईच्या मागे उभा असलेला, तेव्हा पोटात असलेला तो भाऊ आता पंचविशीचा होता आणि त्याचीही दहावी झालेली नव्हती, तेव्हा राग नेमका कुणावर काढायचा तेही कळेना. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून आता हंगामी वसतिगृहं आहेत. ती कुठे चालतात, कुठे कागदावर असतात, तो वेगळाच विषय आहे.

अक्का रडली नाही, भांडलीही नाही. तिने आईकडे स्वच्छ पिशवी मागितली, दाखला त्यात घातला आणि म्हणाली, “भाकरी खाऊनच जाऊ. मॅडम सकाळधरनं उपाशी आहेत.” जेवताना बाप-लेक पावसावर आणि कापसावर बोलले. निघताना तिने अण्णांच्या पाया पडायचं टाळलं. मला ते दिसलं, त्यांनाही दिसलं असणार.

परतीच्या गाडीत दाखला मांडीवर. बऱ्याच वेळाने म्हणाली, “गणितात पस्तीसच लागत्यात ना?”

मी सांगितलं, त्याहून कमी पडले तरी चालतं. गणित आणि विज्ञान मिळून 70 भरले आणि दोन्हीत किमान 25 असले तर माणूस सुटतो. हे ऐकून तिचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल झाला. “मंग आधीच सांगायचं की हे. निम्म्या बाया गणिताला भिऊनच येत नाहीत.”

पुढचे दोन-तीन दिवस कटकटीचे गेले. स्कॅन मोठा झाला म्हणून अपलोड होईना, घडीच्या जागी अक्षर उमटेना. संपर्क केंद्राच्या, म्हणजे फॉर्म जमा करायच्या शाळेच्या क्लार्कने दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव वेगळं म्हणून फॉर्म बाजूला ठेवला. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढून जोडला, साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र दिलं, मग घेतला. हॉलतिकीट आलं ते अर्थातच दाखल्यावरच्या नावाने. गटातल्या बायकांनी ते हातोहात फिरवलं आणि अक्काला आठवडाभर तिच्या माहेरच्या आडनावाने हाका मारल्या.

मे 2025 मध्ये निकाल लागला. गणित 31, विज्ञान 44. बाकीच्या विषयांत व्यवस्थित. ती आता आमच्या रुग्णसेवेच्या तुकडीत आहे आणि इंजेक्शनच्या तासाला प्रशिक्षकांच्या चुका काढते, अशी त्यांची तक्रार आहे.

अण्णांचं काय, असं मला ऑफिसात विचारतात. पोळ्याला ती माहेरी गेली होती, एवढं माहीत आहे. बाकी मी विचारलेलं नाही.

मी मात्र पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात एक नवा रकाना टाकला, ‘दाखला शोध: प्रवास व बुडालेली मजुरी’. आमचा पैसा येतो तो एका कंपनीच्या सीएसआरमधून. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, आणि तो खर्च त्यांना माणशी मोजून हवा असतो. तिकडच्या ताईंचा फोन आला, की दाखला तर शाळेत फुकट मिळतो ना, मग एका दाखल्याला एवढा खर्च कसा? मी त्यांना जनरल रजिस्टरच्या त्या ओळीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, हे छान आहे, केस स्टडी म्हणून लिहून पाठवा, फोटोसकट. मी म्हटलं, फोटो मिळणार नाही, रकाना मंजूर करा. झाला, मागितला त्याच्या निम्मा. त्यात बावीस बायकांचे दाखले बसतात, यादी एकेचाळीस जणींची आहे. येत्या सोमवारी पहिल्या चौघींना घेऊन निघायचंय.