बुश बसला नाही

रविवार, रात्री ११

शिवणयंत्राचा झिजलेला बुश, म्हणजे दांडीभोवती बसणारी धातूची छोटी नळी, नवा करून आणला आणि तो दांडीवर चढेचना. माप मीच घेतलं होतं, आजोबांच्या व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, तीन-तीनदा. लेथवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही दिलं तेच माप कातलंय. फिरता हवा की घट्ट, ते कुठं बोललात?"

आजोबा असते तर पोट धरून हसले असते. त्यांची सत्तरच्या दशकातली सगळी वर्षं याच एका प्रश्नात गेली.

ते हैदराबादला होते, कांचनबागच्या डीआरडीएलमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळेत. घरात सांगायला एवढंच, की सरकारी नोकरी, मशीनचं काम. आजीलाही याहून जास्त माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी हे सगळं उघडपणे छापून यायला लागलं, तेव्हा कुठे ते थोडंथोडं बोलायला लागले. १९७२ साली सुरू झालेल्या त्या कामाचं नाव होतं 'प्रोजेक्ट डेव्हिल'. रोज रामरक्षा म्हणून घराबाहेर पडणारा माणूस दिवसभर सैतानाच्या चाकरीत! आजीला हे नाव कळलं तेव्हा ती दोन दिवस त्यावरून चिडवत होती.

काम ऐकायला सोपं. सोव्हिएत संघाकडून घेतलेलं एसए-२, म्हणजे जमिनीवरून विमान पाडणारं क्षेपणास्त्र, खोलायचं, मोजायचं आणि तसंच्या तसं इथे बनवायचं. मी एकदा म्हटलं, "म्हणजे नक्कलच की." त्यावर त्यांनी मला समोर बसवून तासभर शिकवणी घेतली. एक भाग मोजला, १२.०३ मिलिमीटर भरला. आता मूळ नकाशात किती लिहिलं होतं? १२ की १२.०५? हा तीन शतांश मुद्दाम ठेवलाय, की त्या दिवशी तिथल्या कारागिराचं हत्यार जरा बोथट होतं? किती फरक चालेल आणि कितीने सगळं बिघडेल? वस्तू आपलं माप सांगते, मुभा सांगत नाही. धातूत काय-काय आहे ते प्रयोगशाळेत कळतं, पण तो कसा तापवला, कसा निववला हे हुडकताना नाकी नऊ येतात. शेवटी प्रत्येक भाग कशासाठी आहे हे स्वतः समजून घ्यावं लागतं, आणि तिथे नक्कल संपते.

इंजिनाची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. पहिला टप्पा घन इंधनाचा, दुसरा द्रव. त्यातलं तांबडा धूर सोडणारं नायट्रिक ॲसिड इंधनाला नुसतं भेटलं की पेट घेतं, ठिणगी लागत नाही. तेच ॲसिड टाकीही खात बसतं. म्हणून त्यात चिमूटभर हायड्रोफ्लोरिक ॲसिड घालायचं, म्हणजे धातूवर फ्लोराइडचा पातळ थर धरतो. "ॲसिडला ॲसिडनंच आवरायचं," म्हणत आणि स्वतःवरच खूश होत.

डेव्हिलचं एकही क्षेपणास्त्र सैन्याच्या हाती न पडता १९८० च्या सुमारास ते काम गुंडाळलं गेलं. पुढे १९८३ साली कलामांच्या हाताखाली एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला आणि २५ फेब्रुवारी १९८८ ला श्रीहरिकोटाहून 'पृथ्वी' उडालं. त्याचं द्रव इंजिन डेव्हिलच्या इंजिनातूनच घडलेलं. तोवर आजोबा घरी बसले होते. काम बंद पडलं तेव्हा वाईट वाटलं का, असं मी विचारलं होतं. "मापं वह्यांत होती ना," एवढंच म्हणाले. हे उत्तर होतं की टाळाटाळ, मला अजून ठरवता येत नाही.

दुसरा एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. विमान पाडायला शिकता शिकता जे इंजिन हाती आलं, ते जमिनीवरच्या लक्ष्यावर टनभर स्फोटकं टाकणाऱ्या अस्त्राला लागलं. याचं त्यांना काय वाटत होतं? धीर झाला नाही, की सुचलंच नाही, कोण जाणे.

व्हर्नियर पुसून परत डबीत ठेवलाय. उद्या लेथवर जाताना बुशाबरोबर दांडीही काढून न्यायची.