मध खाणारा

आमच्या कोकणातल्या घरी रात्री सापाला साप म्हणायचं नाही. ‘जनावर’ म्हणायचं, नाहीतर ‘लांबडं’. नाव घेतलं की तो हजर होतो, असं आजीचं पक्कं मत. झेक भाषेतला ‘मेदव्येत’ हा शब्द कळला तेव्हा मला आधी आजीच आठवली.

मेदव्येत म्हणजे अस्वल. पण हे त्याचं खरं नाव नव्हेच. ‘मेद’ म्हणजे मध (आपल्या मेदाशी त्याचं काही देणंघेणं नाही, मध खाऊन वाढला तर गोष्ट वेगळी), आणि पुढचा भाग ‘खाणारा’. ‘व्येद्येत’ म्हणजे जाणणे, म्हणून कुणी ‘मधाचा ठावठिकाणा जाणणारा’ असाही अर्थ लावतं. कल्पना गोड आहे, पण चूक. तो ‘व’ आला आहे ‘मधु’तल्या उकारातून. मनु अधिक अंतर, मन्वंतर. तसंच मधु अधिक अद्, मध्वद्. शाळेत घोकलेली संधी अशी प्रागच्या रस्त्यावर भेटते! अद् म्हणजे खाणे. आपलं ‘अन्न’ त्याच धातूचं, आणि झेक लोकांचं जेवण, ‘यीद्लो’, तेही.

संस्कृतात ‘मध्वद्’ आहेच. ऋग्वेदात तो झाडावरच्या पक्ष्यांना लावलाय, कठोपनिषदात तर थेट जीवात्म्याला. अस्वलासाठी आपल्याला त्याची गरज पडली नाही, कारण जुनं नाव शाबूत होतं: ऋक्ष. जांबवान ऋक्षराज. हिंदीतलं रीछ त्याचंच, ग्रीकांचं आर्क्तोस आणि रोमनांचं उर्सुस ही सख्खी भावंडं. झेकांसारख्या स्लाव लोकांनी मात्र हे नाव भीतीपोटी इतकं गिळलं की शेवटी हरवूनच बसले, असं भाषातज्ज्ञ मानतात.

आता ती भीती उरलेली नाही. झेक देशातल्या चेस्की क्रुमलोव्ह गावच्या किल्ल्याच्या खंदकात १७०७ सालापासून अस्वलं ठेवल्याच्या नोंदी आहेत. लोक वरून वाकून बघतात. मुलांच्या उशाशी झोपणारं कापडी अस्वल म्हणजे ‘मेदवीदेक’.

आमच्याकडे उलटं झालं. ‘लांबडं’ ऐकलं तरी आम्ही पोरं पाय वर घ्यायला लागलो. मग आजी नुसतं ‘ते’ म्हणू लागली.