गाडीच्या चाकाला आरे किती?

लंडनचे चार दिवस रांगांमध्ये गेले. पाचव्या दिवशी नॅशनल गॅलरीत इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’समोर उभी राहिले आणि पाय निघेना. सहा फूट रुंद चित्र. उथळ पाण्यात गवत वाहायची रिकामी गाडी, घोड्यांच्या गळ्यात लाल पट्टे, काठावर कुत्रा. गाडी पाण्यात का? एक म्हणणं असं, की उन्हाळ्यात लाकडी चाक आकसतं, त्यावर चढवलेली लोखंडी धाव सैल होते. पाण्यात लाकूड फुगलं की पुन्हा घट्ट बसते.

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. वैशाखात आबा आमची बैलगाडी अशीच कृष्णेत उभी करायचे. आम्ही पोरं वर बसून पाण्यात पाय सोडायचो.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं मॅनिंगट्री, तिथून स्टाउर नदीच्या काठाकाठानं, चिखल तुडवत फ्लॅटफर्ड, म्हणजे चित्रातली ती जागा. चित्रात दिसणारं विली लॉट या शेतकऱ्याचं घर अजून आहे, समोरचं पाणीही आहे. मागे कॉन्स्टेबलच्या वडिलांची पाणचक्की. लोक येत होते, घराचा फोटो काढून दोन मिनिटांत परतत होते. मला खरंच राग आला. इथं बसायला हवं, पाणी ऐकायला हवं. बांधावरून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब हे सगळं आपल्याला आवडतं, याच दृश्यांनी आपल्याला चित्रकार केलं, असं कॉन्स्टेबलनं 1821 मध्ये मित्राला कळवलं होतं.

त्याच वर्षीचं हे चित्र. पण ते त्यानं या काठावर रंगवलेलं नाही. लंडनच्या स्टुडिओत, वयाच्या 44व्या वर्षी, जुनी रेखाटनं आणि आठवण यांच्या भरवशावर रंगवलं. घर होतं, पाणी होतं, झाडं होती. गाडी तेवढी नेमकी हवी होती. त्यानं गावी निरोप धाडला आणि तिथल्या तरुण जॉन डनथॉर्ननं गाडीचं रेखाटन करून लंडनला पाठवलं.

हे आठवलं आणि तिथूनच गावी फोन लावला.

“काका, आपल्या गाडीच्या चाकाला आरे किती होते?”

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“बारा,” काका म्हणाले. “डाव्या चाकातला एक मागनं घातलेला, सागाचा. बाकीचे समदे बाभळीचे.”